शर्यतीच्या शाळेतील धडे

कसोटी संघात जाण्यापूर्वी आपले क्रिकेटपटू रणजी सामन्यांत तयार होतात. अमेरिकेतील 'स्टॉक कार' शर्यतींतही अशीच एक दुय्यम श्रेणी आहे. या मोटारी दिसायला रस्त्यावरच्या गाड्यांसारख्या असतात. पण आत चालकाभोवती पोलादी नळ्यांचा भक्कम पिंजरा असतो.

या शर्यती भरवणारी नॅसकार ही संस्था १९४८ साली स्थापन झाली आणि १९५० साली तिने ही दुय्यम श्रेणी सुरू केली. चालक गावोगावच्या शर्यती धावून गुण जमवीत. १९८२ साली ठरावीक वेळापत्रकाची एकच राष्ट्रीय मालिका आखण्यात आली. डेटोना येथील तिची पहिली शर्यत डेल अर्नहार्टने जिंकली. पुरस्कर्ते बदलले तशी मालिकेची नावेही बदलली: बुश, नेशनवाइड, एक्सफिनिटी.

दुय्यम श्रेणीत शक्ती बेताची ठेवावी लागते. १९९५ साली येथे आठ सिलिंडरांची इंजिने आली, पण संपीडन गुणोत्तर ९:१ एवढेच ठरले. म्हणजे सिलिंडरमधील मिश्रण दाबून एक-नवमांश करायचे. ते जितके अधिक दाबावे तितकी शक्ती अधिक; म्हणून हे बंधन.

तरीही वेग प्रचंड असतो. मे २००० मध्ये न्यू हॅम्पशायर येथे या मालिकेच्या सरावात अ‍ॅडम पेटी हा १९ वर्षांचा चालक भिंतीवर आदळून मरण पावला. पुढच्याच वर्षी डेटोनाच्या त्याच मार्गावर, वरिष्ठ शर्यतीत, अर्नहार्टचाही अंत झाला. दोघांच्याही कवटीचा तळ भंगला होता. पट्ट्यांनी धड जागीच धरले जाते, पण डोके जडत्वामुळे पुढे जात राहते आणि सारा ताण मानेवर येतो.

यावर दोन उपाय झाले. ऑक्टोबर २००१ मध्ये शिरस्त्राणाला खांद्यांवरील ताठ कॉलरशी जोडणारे साधन सक्तीचे झाले. त्यामुळे डोके धडाबरोबरच थांबते. दुसरा उपाय भिंतीचा. नेब्रास्का विद्यापीठातील अभियंत्यांनी काँक्रीटपुढे फोमचे ठोकळे व त्यांपुढे पोलादी नळ्या असलेली भिंत तयार केली. २००२ साली ती प्रथम इंडियानापोलिस येथे उभारली गेली. धडकेने ती थोडी दबते, आणि थांबण्याचे अंतर वाढते.

एवढ्याने काय साधते? समजा, मोटार सेकंदाला ३० मीटर वेगाने सरळ भिंतीवर गेली. वेगाच्या वर्गाला थांबण्याच्या अंतराच्या दुपटीने भागले की सरासरी मंदन मिळते. अर्ध्या मीटरात थांबल्यास ते ९००, म्हणजे गुरुत्वत्वरणाच्या सुमारे ९२ पट. एक मीटरात थांबल्यास ४५०, म्हणजे ४६ पट. अंतर दुप्पट, आघात निम्मा! वेग सेकंदाला २० मीटर असेल तर काय होईल, हे तुम्हीच वहीत करून पाहा.