लोखंडाची शिल्लक

कुर्ल्याच्या कारखान्यात 1964 पासून तयार होऊ लागलेली, आधी फियाट आणि मागाहून पद्मिनी या नावाने घरोघरी परिचित झालेली मोटार ऑक्टोबर 2023 अखेर मुंबईच्या टॅक्सीतळांवरून बरखास्त झाली. परंतु तिच्या चार सिलिंडरांच्या, 1089 घनसेंटिमीटरच्या इंजिनावर पोसलेली विद्या तिच्याबरोबर अस्तंगत झालेली नाही. हौशी मालकांनी जपलेल्या गाड्या अजून धूर मारतात, तेल खातात, आणि मग त्यांची इंजिने उतरवून तेलाने काळवंडलेल्या अशा एखाद्या वर्कशॉपात आणली जातात, जिथे बोअरिंग मशीन, क्रँक ग्राइंडर आणि एक जुना लेथ एवढ्याच ऐवजावर दोन पिढ्यांचा संसार चाललेला असतो. या कारागिरीचे सारे वैभव धातू कापण्यात आहे अशी माझी दीर्घकाळ समजूत होती; ती एकदा पदरमोड झाल्यावरच दूर झाली.

माझ्या पद्मिनीचे इंजिन प्रथम ज्या वर्कशॉपात गेले, तेथे मोजमापाचा प्रघात नव्हता. बोअर, क्रँक ग्राइंडिंग, हेड फेसिंग असे ‘फुल काम’ करण्याची तेथे एकच ठरलेली तजवीज होती आणि तिच्यापुढे प्रत्येक इंजिन सारखेच अपराधी होते. पिस्टन हाती येण्यापूर्वीच ब्लॉक बोअर झाला. मागाहून जे पिस्टन मिळाले त्यांची मापे त्या भोकांशी जुळेनात, आणि थंड इंजिन सुरू करताच पिस्टन सिलिंडरच्या भिंतीवर आपटल्याचा जो टकटकाट ऐकू येई, तो त्या घाईची नित्य आठवण करून देई. पिस्टन आधी आणावेत, प्रत्येकाचे माप घ्यावे आणि त्या त्या पिस्टनापुरता त्याचा सिलिंडर बोअर करावा, हा या धंद्यातील पहिला धडा मी दंड भरून शिकलो.

दुसऱ्या वेळी ज्या वयोवृद्ध मेस्त्रींकडे गेलो, त्यांनी ब्लॉक धुऊन, वाळवून पाटावर ठेवला आणि त्याचा रीतसर पंचनामा आरंभिला. प्रत्येक सिलिंडर वर, मध्ये आणि खाली, दर ठिकाणी एकमेकींशी काटकोन करणाऱ्या दोन दिशांनी, अशी चार सिलिंडरांची चोवीस मापे त्यांनी डायल गेजने घेऊन वहीत उतरविली. सिलिंडर सर्वत्र सारखा झिजत नाही. पिस्टन जिथे क्षणभर थांबून परततो त्या माथ्याशी तेलाचा थर विरळ होतो, जळत्या वायूचा दाब आणि उष्णता तेथेच सर्वाधिक असतात, आणि त्यामुळे रिंगच्या वाटेच्या वरच्या टोकाशी झीज होऊन त्याच्याही वर, जिथे रिंग पोहोचतच नाही, तिथे नखाला लागणारा कंगोरा उरतो. गेज नसेल तेव्हा रिंगसुद्धा साक्ष देते: सिलिंडरात सरळ बसविलेल्या रिंगच्या तोंडाची फट, व्यास दर दशांश मिलिमीटर वाढला की, सुमारे एकतीस शतांशांनी रुंदावते.

“मेस्त्री, इंजिन उघडलंच आहे, तर क्रँकही मारून घ्या ना,” मी म्हणालो.

“साहेब, उघडलाय म्हणून घासायचा का? आज वीस मारला की एक साइज गेला. आधी माप बघू,” त्यांनी वर न पाहता उत्तर दिले.

या उत्तरात या विद्येचे सारे अर्थशास्त्र आले. वीस थाऊ म्हणजे सुमारे अर्धा मिलिमीटर; आणि ब्लॉक असो वा क्रँक, त्याच्या खाती असे मोजकेच हप्ते जमा असतात. बोअर केल्याने गाडीची ताकद वाढते हा लौकिक समज गणितापुढे टिकत नाही, कारण मूळ 68 मिलिमीटरचा व्यास 69 केला तरी इंजिन 1089 वरून जेमतेम 1122 घनसेंटिमीटरचे होते. बोअर करावयाचे ते लंबवर्तुळाचे पुन्हा वर्तुळ करण्यासाठी, आणि तेही नुसत्या नव्या रिंगांनी भागणार नाही अशी खातरजमा झाल्यावर. एकाच सिलिंडरला खोल ओरखडा असून उरलेले तीन निर्दोष असतील, तर चौघांनाही शिक्षा देण्यापेक्षा त्या एकट्यात स्लीव्ह बसवून मूळ मापावर येणे शहाणपणाचे ठरते.

क्रँकचाही निवाडा याच न्यायाने झाला. तीन मेन आणि चार कनेक्टिंग रॉडचे असे सातही जर्नल मायक्रोमीटरने तपासले. त्यांत लंबवर्तुळपणा मर्यादेच्या आत निघाला, म्हणून केवळ पॉलिश आणि त्याच साइजचे नवे बेअरिंग एवढ्यावर काम आटोपले. ग्राइंडिंगची वेळ आलीच, तर जर्नलच्या कडेची गोलाई राखणे अगत्याचे असते. तीक्ष्ण राहिलेल्या कोपऱ्यातून क्रँकला तडा जाऊ लागतो.

हेड ॲल्युमिनियमचे असल्याने, गाडी एकदा उकळली की ते वाकण्याचा संभव फार. परंतु सरळ पट्टी आणि फिलर गेज लावून पाहिल्यावाचून फेसिंग करणे अनुचित, कारण प्रत्येक फेसिंगने ज्वलनकक्ष लहान होतो, कॉम्प्रेशन वाढते, आणि व्हॉल्व्ह पिस्टनच्या अधिक जवळ येतात. त्याहीपूर्वी हेडची प्रेशर टेस्ट करावी. तडा असेल तर त्याच्यावर केलेला पुढचा सारा खर्च पाण्यात जातो. व्हॉल्व्ह गाइड ढिले असता सीट कापणेही तसेच निरर्थक, कारण डुलणारा व्हॉल्व्ह नव्या सीटवर नीट बसतच नाही. 1 फेब्रुवारी 2000 पासून देशभर शिसेविरहित पेट्रोल आल्यावर एक्झॉस्ट सीट कठीण धातूच्या बसवाव्यात असा आग्रह सर्वत्र होऊ लागला. शिशाचा थर सीटचे रक्षण करीत असे हे खरेच, तथापि रविवारी सकाळी फेरफटका मारणाऱ्या गाडीची सीट प्रत्यक्ष खचलेली दिसेपर्यंत त्या आग्रहाला मान देण्याचे कारण नाही.

क्रँकचे बॅलन्सिंग, पोर्ट घासून रुंद करणे, मेन बेअरिंगच्या रांगेचे लाइन बोअरिंग, ही कामे त्यांनी यादीतून काढूनच टाकली. पहिली दोन शर्यतीच्या गाडीची. आणि तिसरे, बेअरिंग घरात फिरले असेल किंवा कॅपची अदलाबदल झाली असेल, तेव्हाच करावयाचे.

शेवटी जे काम झाले ते असे: नव्याने आणलेल्या पिस्टनांप्रमाणे चारही सिलिंडर पुढच्या साइजला बोअर आणि होन, क्रँकला पॉलिश, गाइड बदलून सीट कटिंग, आणि हेडला, पट्टीखाली फट दिसली म्हणून, एकच हलकी फेसिंग. बिल पहिल्या वर्कशॉपच्या निम्म्याने आले. वहीचे पान फाडून देण्यापूर्वी मेस्त्रींनी त्यावर सिलिंडरांची नवी मापे लिहिली आणि खाली एक ओळ जोडली: ‘क्रँक या वेळी घासलेला नाही.’ पुढे जो कोणी हे इंजिन उघडील, त्याच्यासाठी ते पान गाडीच्या कागदपत्रांत ठेवले आहे.