मुशीचा चावा: जोर जबड्याचा की दातांचा?

शार्कचा, म्हणजे मुशीचा, चावा जगात सर्वांत ताकदवान, हे इतक्या वेळा छापून आलं आहे की त्यावर कुणी शंका घेत नाही. सोबत एक आकडाही हमखास असतो: एका चौरस सेंटिमीटरला तीन टन दाब. आकडा खोटा नाही. त्याचा अर्थ मात्र भलताच लावला गेला आहे.

तो आला बहामा बेटांवरून. १९६० च्या दशकात स्नॉडग्रास आणि गिल्बर्ट या अमेरिकी संशोधकांनी शार्कचा चावा मोजण्यासाठी एक उपकरण बनवलं. आत ॲल्युमिनियमचा गाभा, त्याला लागून पोलादी गोळ्या. आमिष लावलेल्या या उपकरणाला शार्क चावला की गोळ्या ॲल्युमिनियममध्ये रुतत. खळगा किती खोल पडला त्यावरून जोर काढायचा. साधारण दोन मीटर लांबीच्या एका डस्की शार्कच्या एका दाताच्या टोकाखाली जोर भरला सुमारे ६० किलो. आता दाताचं टोक ते केवढं? जेमतेम दोन चौरस मिलिमीटर. ६० किलो एवढ्याशा जागेत एकवटले की हिशेबाने चौरस सेंटिमीटरला तीन टन होतात. सुई बोटात सहज शिरते, ती आपल्या हातात राक्षसी बळ आहे म्हणून नव्हे. पण पुढे ‘टोकावरचा दाब’ हे शब्द गळाले आणि ‘जबड्याची ताकद तीन टन’ एवढंच उरलं. कुत्र्यांच्या जातींबद्दल फिरणारे फुगवलेले आकडे बघतानाही हेच तपासावं: जोर सांगितला आहे की दाब, आणि तो खरोखर कुणी मोजला आहे का.

मग सर्वांत जोरकस चावा कुणाचा? जिवंत प्राण्याच्या प्रत्यक्ष मोजमापात पहिला नंबर खाऱ्या पाण्यातल्या मगरीचा. ग्रेगरी एरिकसन आणि सहकाऱ्यांनी मगरवर्गातल्या तेव्हा ज्ञात असलेल्या सगळ्या २३ जाती मोजल्या आणि २०१२ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. खाऱ्या पाण्यातल्या मगरीचा आकडा होता १६,४१४ न्यूटन, म्हणजे जवळपास १,६७० किलो. ग्रेट व्हाइट शार्कच्या नावावर १८,००० न्यूटनहून थोडा जास्त आकडा सांगतात, पण तो संगणकाचा अंदाज आहे. २००८ मध्ये स्टीफन रो यांच्या गटाने सुमारे अडीच मीटरच्या एका शार्कच्या डोक्याचं स्कॅन करून प्रतिकृती तयार केली आणि त्यावरून ६.४ मीटरच्या शार्कचा हिशेब मांडला. अंदाज चांगल्या पद्धतीने काढला आहे, पण मोजमाप आणि अंदाज एकाच यादीत बसवून क्रमांक लावणं मला पटत नाही. मेगालोडॉनचे प्रचंड आकडेही अंदाजच, आणि तो प्राणी लाखो वर्षांपूर्वी नामशेष झालेला आहे.

दुसरा गैरसमज म्हणजे शार्कचा जबडा हाडाचा असतो. शार्कच्या अंगात हाड नसतंच. असते ती कूर्चा, आपल्या कानाच्या वरच्या भागात असते तशी. जबड्यात तिच्यावर कॅल्शियमयुक्त कणांचा कडक थर असतो, म्हणून तो ताण सोसतो. शिवाय वरचा जबडा कवटीला घट्ट जोडलेला नसतो. चावताना शार्क नाक वर उचलतो आणि जबडा पुढे सरकवतो. म्हणूनच त्याला चावण्यासाठी उताणं व्हावं लागतं ही जुनी समजूत खोटी आहे.

कोकणच्या बाजारात मोठी मुशी दिसली तर तिचा जबडा नीट पाहा. पुढच्या दातांमागे आणखी रांगा आडव्या, मिटून बसलेल्या दिसतील. दात हाडाच्या खोबणीत नाहीत, हिरडीत रुजलेले. पुढचा पडला की मागचा सरकून येतो. ग्रेट व्हाइटच्या दाताच्या कडेवर करवतीसारखे दाते असतात. तो सावजात दात रोवतो आणि डोकं जोरात हलवतो, मांस कापलं जातं. मगरीचे दात कापत नाहीत, धरून ठेवतात, म्हणून तिला सावजासकट गिरक्या घ्याव्या लागतात. आफ्रिकेतला ठिपकेवाला तरस हाडं फोडतो. काम वेगळं, म्हणून जबडा वेगळा. मगरीचे तोंड मिटणारे स्नायू अफाट, पण उघडणारे इतके दुबळे की मिटलेलं तोंड दोरीने बांधून ठेवता येतं.

आपल्याकडे हा विषय केवळ परदेशी नाही. २०२२ च्या फेब्रुवारीत पालघर जिल्ह्यात वैतरणेच्या पात्रात शिरलेल्या शार्कने एका तरुणाच्या पायाचा लचका तोडला. अशी घटना भयानक असते आणि फार विरळाही. उलट दिशेचा हिशेब कितीतरी मोठा आहे: जगभरात माणूस दरवर्षी कोट्यवधी शार्क मारतो.

शेवटचा गैरसमज, मोठं तोंड म्हणजे मोठा चावा. जगातला सर्वांत मोठा मासा व्हेल शार्क आपल्या पश्चिम किनाऱ्यावर येतो. त्याचे हजारो दात काही मिलिमीटरचे, खाण्यात त्यांचा उपयोग जवळपास नाही. तो पाणी गाळून प्लवक आणि बारीक मासळी खातो. २००१ पासून त्याला कायद्याचं संरक्षण आहे. तो जाळ्यात सापडला तर घाबरू नका आणि त्याला मारू नका. जाळं कापून सोडा, फोटो काढा आणि वनविभागाच्या कांदळवन कक्षाकडे भरपाईचा अर्ज करा. जाळ्याच्या नुकसानीसाठी ही योजना महाराष्ट्रात २०१८ मध्ये सुरू झाली आहे.