बोटीतील फजिती आणि आपली हाडे

मेढ्याहून बामणोली गाठून शिवसागर जलाशयात मोटरबोटीने फेरी मारण्याचा बेत असेल, तर घरातील ज्येष्ठांना अवश्य सोबत न्यावे. फजिती होते ती बहुधा भर पाण्यात नव्हे, काठावर. एक पाय बोटीत, दुसरा जमिनीवर आणि बोट हळूच सरकू लागते. पाहणारे हसतात, खुब्याचे हाड मोडले, की हसू विरते. उन्हाळ्यात कोयनेचे पाणी उतरून काठ उताराचा व निसरडा होतो. म्हणून बोट दोराने बांधली आहे ना, हे पाहावे, नावाड्याचे मनगट धरून चढावे आणि तत्काळ बसावे.

दुसरी चूक आपण प्रेमापोटी करतो. देखावा छान दिसावा म्हणून आजींना मानाने पुढच्या टोकाला, नाळेजवळ बसवतो. वेगातील बोट लाटेवर आपटते तेव्हा सर्वाधिक हादरे तेथेच बसतात. हाडे ठिसूळ असतील तर अशा एकाच धक्क्याने मणका दबू शकतो. त्यांना मागे बसवावे, वेगही कमी ठेवायला सांगावा.

तिसरी अडचण कुणी बोलून दाखवत नाही, ती लघवीची. बोटीत सोय नाही म्हणून वृद्ध मंडळी पाणीच पीत नाहीत आणि उन्हात भोवळ येते. लघवी वाढवणारी गोळी त्या दिवशी केव्हा घ्यावी, हे डॉक्टरांना आधीच विचारावे. सैल कवळी मात्र डबीत ठेवावी. शिंकेसरशी पाण्यात गेलेली कवळी कोयनामाई परत देत नाही.

लाइफ जॅकेट धोतरावर शोभत नाही, असे आजोबा म्हणतील. म्हणू द्यावे, पट्टे आपण स्वतः आवळावेत.