नाद आणि निद्रा

रामभाऊ कुंदगोळकर ऊर्फ सवाई गंधर्व १९५२ साली निवर्तले आणि पुढल्याच वर्षी त्यांचे शिष्य भीमसेन जोशी यांनी गुरूच्या स्मरणार्थ पुण्यात जो संगीतोत्सव आरंभिला, तो पुढे कित्येक दशके रात्र रात्र चालत असे. डिसेंबरच्या थंडीत शाल लपेटून मंडपात शिरलेला श्रोता मध्यरात्री दरबारी कानडा, उत्तररात्री मालकंस आणि पहाटे ललित ऐकून, उजाडल्यावर तोडीचे सूर कानांत घेऊन घरी परतत असे. हिंदुस्थानी संगीतात रागाला प्रहर असतो, आणि रात्रीच्या उत्तरार्धातील रागांचे दालन हे त्या संगीताच्या वैभवाचे मोठे दालन आहे. २००० सालच्या ध्वनिनियमांनंतर हा महोत्सव रात्री दहाला संपू लागला. सवलतीच्या एखाद्या दिवशी तो बारापर्यंत जातो इतकेच. त्यामुळे मैफलींना दुपारीच प्रारंभ करावा लागतो, आणि ज्या पिढीने रात्रीचा मालकंस रात्री, खुल्या मंडपात, सहस्रावधी रसिकांच्या सान्निध्यात कधी ऐकलाच नाही, अशी एक पिढी आता प्रौढ झाली आहे.

त्याच पुण्यात अनंत चतुर्दशीला लक्ष्मी रस्त्यावर उभे राहावे. सकाळी मंडईतल्या टिळक पुतळ्यापासून कसब्याचा गणपती निघतो. त्यामागे तांबडी जोगेश्वरी, गुरुजी तालीम, तुळशीबाग आणि केसरीवाडा असे मानाचे गणपती क्रमाने जातात, आणि त्यांच्या पाठोपाठ शहरातील असंख्य मंडळे अलका टॉकीजच्या चौकाकडे सरकू लागतात. ही मिरवणूक चोवीस तास उलटले तरी संपत नाही, याचे एक कारण नियमातच दडलेले आहे. रात्री बाराला ध्वनिवर्धक बंद करण्याचा हुकूम असतो आणि सकाळी सहाला ते पुन्हा लावता येतात. सबब ज्या मंडळांनी ध्वनियंत्रणेसाठी मोठी रक्कम मोजलेली असते, ती बारा वाजल्यानंतर पुढे सरकण्यास नाखूश असतात, रस्त्यावरच खोळंबतात, आणि सहाचा ठोका पडताच पुन्हा दणदणाट सुरू होतो. ज्या रहिवाशाच्या निद्रेसाठी हा नियम झाला, त्याच्या खिडकीखालीच ही थांबलेली मिरवणूक सकाळची वाट पाहत असते.

एकाच शहरात, एकाच नियमावलीच्या अंमलाखाली, स्वेच्छेने तिकीट काढून बसलेल्या श्रोत्यांचे गायन बंद होते आणि कोणाचीही संमती न घेता घराघरात शिरणारा कल्लोळ दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत चालतो. या विसंगतीचे मूळ शोधताना मला असे दिसून आले, की आपण ध्वनीचा न्याय घड्याळाच्या हाती सोपवला आणि ध्वनी मोजण्याचे काम मात्र अंगाबाहेर टाकले.

कायद्याचा इतिहास थोडक्यात असा. मुंबई पोलीस कायदा १९५१ च्या कलम ३८ मध्ये जनतेला उपद्रव देणारे वाद्यवादन व गोंगाट रोखण्याचे अधिकार पोलिसांना पूर्वीपासून होते. परंतु त्यांत मोजमाप नव्हते, सारे अधिकाऱ्याच्या विवेकावर अवलंबून होते. मोजमाप आले ते पर्यावरण संरक्षण कायद्याखालील २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनी. निवासी भागात दिवसा ५५ व रात्री ४५ डेसिबल, व्यापारी भागात ६५ व ५५, आणि रुग्णालये, शाळा व न्यायालये यांच्याभोवतीच्या शांतता क्षेत्रात ५० व ४० अशा मर्यादा त्यांनी घातल्या, आणि रात्री दहा ते सकाळी सहा या वेळेत बंदिस्त सभागृहे वगळता ध्वनिवर्धकास मनाई केली. २००२ साली त्यात दुरुस्ती होऊन, सांस्कृतिक वा धार्मिक उत्सवाच्या प्रसंगी वर्षातून कमाल १५ दिवस ही मुदत बारापर्यंत वाढविण्याची मुभा राज्यांना मिळाली. सर्वोच्च न्यायालयाने जुलै २००५ मध्ये या विषयावर दिलेला विस्तृत निर्णय ज्या अर्जातून उद्भवला, त्यात एका तेरा वर्षांच्या मुलीवरील अत्याचाराच्या वृत्ताचा आधार घेतला होता: शेजारच्या संगीताच्या गोंगाटात तिचा आक्रोश कोणास ऐकू गेला नाही, आणि पुढे तिने जाळून घेऊन प्राण सोडला. बोलण्याचे स्वातंत्र्य असलेल्या माणसाला दुसऱ्यावर ऐकण्याची सक्ती करण्याचे स्वातंत्र्य नाही, हे तत्त्व त्या निर्णयात निःसंदिग्धपणे मांडले गेले. त्याच वर्षी ऑक्टोबरात न्यायालयाने १५ दिवसांची सवलतही वैध ठरवली. महाराष्ट्रात या दिवसांच्या याद्या जिल्हाधिकारी जाहीर करतात आणि त्यांत गणेशोत्सवाचा वाटा सर्वांत मोठा असतो.

पुढे ठाण्याच्या डॉ. महेश बेडेकर यांच्या याचिकेवर ऑगस्ट २०१६ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने रस्त्यावरील मंडप आणि ध्वनी यांविषयी शासनाला सविस्तर निर्देश दिले. वर्षभराने, २०१७ च्या ऑगस्टात, केंद्राने नियम बदलून, राज्याने अधिसूचित केल्याखेरीज कोणतेही क्षेत्र शांतता क्षेत्र मानले जाणार नाही, असे ठरविले. म्हणजे रुग्णालयातील रोग्याच्या विश्रांतीचा हक्क एका अधिसूचनेवर टांगला गेला. हा बदल मला सर्वथैव अनिष्ट वाटतो.

आता ध्वनीच्या स्वरूपाकडे वळू, कारण या वादात शास्त्र फारच थोडे बोलले जाते. डेसिबलचे परिमाण लघुगणकीय आहे. ५५ वरून ६५ ला जाणे म्हणजे ध्वनीची शक्ती दसपट होणे, आणि ५५ वरून १०५ ला जाणे म्हणजे ती एक लक्ष पट होणे. मोकळ्या मैदानात उगमापासूनचे अंतर दुप्पट केले की पातळी सुमारे ६ डेसिबलने उतरते. लक्ष्मी रस्त्यासारख्या दुतर्फा चार-पाच मजली इमारती असलेल्या अरुंद मार्गावर मात्र भिंती तो ध्वनी परतवून परतवून रस्त्यातच कोंडून ठेवतात. शिवाय मापनयंत्र मानवी कानाच्या सामान्य संवेदनेस अनुसरून खर्जाच्या ध्वनीला कमी वजन देते: ५० हर्ट्झच्या कंपनाला जवळजवळ ३० डेसिबलची सूट मिळते. दक्षिण महाराष्ट्रात जिला सरसकट डॉल्बी म्हणतात, त्या यंत्रणेचा मुख्य आघात नेमका याच खर्जाच्या प्रदेशात असतो. तो भिंतीतून आरपार जातो, तावदाने थरथरवतो, फडताळातील भांडी वाजवतो, छातीवर हात ठेवला तर तळहाताला जाणवतो; आणि यंत्रावरील आकड्यात मात्र त्याचे पुरते प्रतिबिंब पडत नाही. वृद्ध गृहस्थ जेव्हा सांगतात की कानापेक्षा छातीलाच अधिक त्रास होतो, तेव्हा ते अतिशयोक्ती करीत नसतात.

पुण्याच्या शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालयातील (आताच्या सीओईपी तंत्रज्ञान विद्यापीठातील) विद्यार्थ्यांनी गेली अनेक वर्षे विसर्जनाच्या दिवशी लक्ष्मी रस्त्यावरील चौकाचौकांत, बेलबाग, कुंटे, शेडगे विठोबा, टिळक चौक येथे, यंत्रे घेऊन उभे राहून नोंदी केल्या आहेत. हे कार्य मी शहरावरील उपकार समजतो. महामारीमुळे मिरवणूक न निघालेल्या २०२० साली त्यांची सरासरी साठच्या आसपास होती, आणि निर्बंध उठल्यावर २०२२ मध्ये ती शंभराच्या पुढे गेली. मुंबईत हेच काम सुमेरा अब्दुलाली यांच्या आवाज फाउंडेशनने चिकाटीने केले. दोन्हीकडे नोंद ठेवण्याचा भार नागरिकांनी आणि विद्यार्थ्यांनी वाहिला, हे ध्यानात घ्यावे.

तक्रार करणारा कोण, याविषयी एक सोयीस्कर समज पसरला आहे, की तो उत्सवाचा द्वेष्टा, परंपरेला पारखा, बाहेरून आलेला मनुष्य असतो. पेठांत राहणाऱ्यांना हे किती असत्य आहे ते ठाऊक आहे. नारायण पेठेतील ज्या आजोबांना दहा दिवस झोपेची गोळी घ्यावी लागते, त्यांनीच तरुणपणी मंडळाची वर्गणी दारोदार फिरून गोळा केलेली असते. ज्या सुनेला तान्ह्या मुलाला घेऊन माहेरी जावे लागते, तिचा दीर पथकात ताशा वाजवीत असतो. म्हणूनच ही तक्रार पोलीस चौकीपर्यंत पोहोचत नाही. वर्षभर ज्यांच्याशी उठबस, आजारपणात जे मध्यरात्री गाडी काढतात, त्या मंडळाच्या पोरांविरुद्ध फिर्याद कोण देणार? जानेवारी २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने कुर्ल्याच्या रहिवाशांच्या अर्जावर निर्णय देताना तक्रारदाराची ओळख उघड करू नये असे पोलिसांना बजावले, आणि ध्वनिवर्धकांना पातळी आपोआप मर्यादित करणारी यंत्रणा बसविण्याचा मार्ग सुचविला. न्यायालयाने शेजारधर्मातील ही भीती ओळखली, याचे मला समाधान वाटते.

ढोल-ताशाचा प्रश्न याहून नाजूक आहे, आणि त्याविषयी मी पथकांच्या बाजूचा आहे. २०२४ च्या ऑगस्टात राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाच्या पुणे पीठाने पथकातील वादकांची संख्या ३० वर मर्यादित केली; सप्टेंबरात सर्वोच्च न्यायालयाने त्या अटीला स्थगिती दिली आणि ढोल-ताशा हे पुण्याचे हृदय असल्याचे उद्गार काढले. शास्त्राच्या दृष्टीने पाहिले तर वादक दुप्पट झाले की पातळी सुमारे ३ डेसिबल वाढते. म्हणजे १२० ढोलांचे ३० केले तर जेमतेम ६ डेसिबल उतरतात, आणि कंबरेला ढोल बांधून दोन महिने नदीपात्रात सराव केलेल्या ९० मुलामुलींना मात्र घरी बसावे लागते. खरा उपाय अंतर आणि काळ यांत आहे: सराव वस्तीपासून दूर व्हावा, संध्याकाळी ठरल्या वेळी संपावा, आणि मिरवणुकीत एकाच चौकात तासन्तास स्थिर वादन करण्याऐवजी पथकाने चालत राहावे. हात थकले की ढोल थांबतो. वीजजनित्रावर चालणाऱ्या यंत्राला थकवा नाही, आणि म्हणून या दोहोंना एका मापाने मोजणे अन्यायाचे आहे.

शहराच्या रात्रजीवनाचा प्रश्न इतरत्र कसा हाताळला गेला, हेही पाहण्यासारखे आहे. मुंबईत जानेवारी २०२० पासून अनिवासी भागातील मॉल व गिरण्यांची आवारे रात्रभर खुली ठेवण्याची मुभा देण्यात आली. वस्तीपासून अलग जागा निवडल्यामुळे झोपमोडीचा प्रश्न पुष्कळसा टळत होता, परंतु दोनच महिन्यांत महामारीने तो प्रयोग आटोपला. अॅमस्टरडॅमने २०१२ पासून मिरिक मिलान यांच्या रूपाने रात्रीचा महापौर या संकल्पनेला प्रतिष्ठा दिली. रहिवासी, व्यावसायिक आणि नगरपालिका यांच्यात सलोखा घडविणे हे त्याचे काम. तेथे शहराच्या मध्यभागाबाहेरील निवडक स्थळांना अहोरात्र परवाने दिले गेले, आणि रेम्ब्रांटप्लेन या गजबजलेल्या चौकात रात्री फिरून लोकांना समजुतीने आवरणारी माणसे नेमली गेली. मेलबर्नमध्ये २०१० साली टोट हे संगीताचे जुने पेयगृह परवान्याच्या अटींपायी बंद पडताच सहस्रावधी लोक रस्त्यावर उतरले, आणि त्या चळवळीच्या परिणामी २०१४ मध्ये व्हिक्टोरिया राज्याने नगररचनेत एक तत्त्व अंगीकारले: जो बदल घडवून आणतो, त्याने त्या बदलाचा भार सोसावा. जुन्या संगीतगृहाशेजारी नवी सदनिका बांधणाऱ्याने भिंती ध्वनिरोधक कराव्यात. जुन्या वस्तीत नवे संगीतगृह काढणाऱ्याने आपला ध्वनी आत ठेवावा. इंग्लंडनेही २०१८ मध्ये हे तत्त्व आपल्या नियोजन धोरणात घेतले.

हे तत्त्व पुण्याच्या पेठांना लावून पाहावे. वाडे आधीचे, सार्वजनिक गणेशोत्सव १८९० च्या दशकातला, ढोल-ताशांची पथके त्यानंतर बहरलेली, आणि ध्वनिवर्धकांच्या भिंती अगदी अलीकडच्या. वाड्यांच्या जागी इमारतीत राहायला आलेल्या कुटुंबाने मंडळ हलवावे असे म्हणणे गैर, कारण मंडळ आधीचे. परंतु मंडळाच्या पुण्याईवर काल आलेल्या डॉल्बीने रहिवाशाला घर सोडायला लावावे, हे त्याहून गैर. बदल घडवला तो तिने, भारही तिनेच सोसला पाहिजे.

२०२५ साली गणेशोत्सवाला राज्य महोत्सवाचा दर्जा मिळाला आहे. शासनाने ज्या उत्सवाची जबाबदारी आपल्या शिरावर घेतली, त्याच्या ध्वनीचे मोजमापही शासनाच्याच दप्तरी चौकवार नोंदले जावे आणि दुसऱ्या दिवशी प्रसिद्ध व्हावे. भाड्याने दिल्या जाणाऱ्या प्रत्येक ध्वनियंत्रणेवर मर्यादायंत्र असल्याखेरीज तिला परवाना मिळू नये. उत्सवापूर्वी पोलीस आयुक्तालयात मंडळांच्या ज्या बैठका होतात, त्यांत मिरवणुकीच्या मार्गावर राहणाऱ्या माणसालाही खुर्ची असावी. आणि नियमांनी बंदिस्त सभागृहाला रात्रीची मोकळीक आजही ठेवलेली आहे, तेव्हा पुणे महानगरपालिकेने हजारो श्रोते सामावतील असे एक ध्वनिरोधक सभागृह उभारण्याची तजवीज करावी, म्हणजे वर्षातून एक रात्र तरी कलावंताला पहाटेचा ललित पहाटे गाता येईल. आपण ज्या मंडळाला वर्गणी देतो, त्याच्या कार्यकर्त्यांना पावती घेताना यंदा आवाज किती ठेवणार एवढे वाचकांनी विचारावे, अशी माझी विनंती आहे.