‘लाईन क्लिअर’ दिली म्हणजे काय दिलं?

सुरुवात एका जुन्या विनोदाने करतो. शाळेत आम्हाला सांगायचे, की रेल्वेच्या सिग्नलला शुद्ध मराठीत म्हणायचं ‘अग्निरथगमनागमनसूचकलोहपट्टिका’. तुम्ही हसलात. मीही गेली साठ वर्षं हसतोच आहे. पण आपण हसतो कशाला? शब्द संस्कृत आहे म्हणून? मग ‘विमान’, ‘उड्डाण’ हेही संस्कृतच, त्यांना कुणी हसत नाही. लांबलचक आहे म्हणून? थोडंफार तेही असेल. पण मुख्य कारण असं, की तो शब्द त्या वस्तूचं निव्वळ वर्णन करतो, आणि वर्णन म्हणजे संज्ञा नव्हे.

आपल्या नैयायिकांनी याचा फार बारकाईने विचार केला होता. ‘पाचक’ म्हणजे शिजवणारा, शब्दाची फोड केली की अर्थ हातात. हा यौगिक शब्द. ‘पंकज’ म्हणजे चिखलात जन्मलेलं. पण चिखलात बेडूकही जन्मतो, त्याला आपण पंकज म्हणत नाही. तिथे फोड अपुरी पडते आणि रूढी लागते. शिवाय ते संकेताचेही दोन प्रकार मानतात. एक पूर्वापार चालत आलेला, दुसरा कुणीतरी मुद्दाम ठरवलेला. या दुसऱ्याला त्यांनी ‘आधुनिक संकेत’ असं नाव दिलं. याचं माझं आवडतं उदाहरण पाणिनीचं आहे. त्याच्या व्याकरणात ‘नदी’ म्हणजे दीर्घ ईकारान्त किंवा ऊकारान्त स्त्रीलिंगी शब्द. ‘गौरी’ ही नदी, ‘वधू’ हीसुद्धा नदी! पाण्याचा थेंब नाही. तांत्रिक शब्द असा असतो. तो अवघडच असला पाहिजे असं नाही. काही लोकांनी मिळून ‘याचा एवढाच अर्थ घ्यायचा’ असं ठरवलेलं असतं, एवढंच. प्रश्न इतकाच, की ठरवताना कोण होतं आणि ते कळवलं कुणाला.

आता आपल्या तापी लाईनवर या. नवापूर स्टेशन तुम्हाला माहीत आहे. अर्धं महाराष्ट्रात, अर्धं गुजरातमध्ये. तिथे मराठी, गुजराती, हिंदी, इंग्रजी अशा चार भाषांत घोषणा होतात. आसपासच्या गावांत मावची बोलतात, ती त्या चारांत नाही, हे जाता जाता नोंदवून ठेवतो. समजा, घोषणा झाली की ‘ब्लॉकमुळे गाडी उशिरा धावते आहे’. भाषा कुठलीही घ्या, ‘ब्लॉक’ हा शब्द तोच. ऐकणाऱ्याला वाटतं, रुळावर काहीतरी आडवं पडलंय. प्रत्यक्षात कामासाठी काही तास मार्ग बंद ठेवलेला असतो. आणि रेल्वेच्या माणसाला याच शब्दाचा आणखी एक अर्थ ठाऊक असतो: दोन स्टेशनांमधला तो तुकडा, ज्यात एका वेळी एकाच गाडीला शिरता येतं. शहरातल्या माणसाचा दोन खोल्यांचा ब्लॉक तो तिसराच.

याहून मोलाचा शब्द म्हणजे ‘लाईन क्लिअर’. त्याचं भाषांतर ‘मार्ग मोकळा आहे’ असं केलं तर चूक होईल. मार्ग डोळ्यांना दोन मैल मोकळा दिसत असेल, तरी लाईन क्लिअर नसू शकते. पुढच्या स्टेशनच्या मास्तराने ती ‘द्यावी’ लागते. आपल्या रेल्वेवाल्यांची मराठी ऐका: लाईन क्लिअर मागितली, दिली, मिळाली. ‘आहे’ असं कुणी म्हणत नाही. ऑक्सफर्डच्या ऑस्टिन या तत्त्वज्ञाने एक सिद्धान्त मांडला, की काही वाक्यं माहिती सांगत नाहीत, ती उच्चारणं हीच कृती असते. त्याचं पुस्तक 1962 मध्ये आलं. आमचे स्टेशनमास्तर हे क्रियापदातून आधीच दाखवत होते. एकेरी मार्गावर तर ती परवानगी हातात धरता यायची. वेताच्या कड्याला अडकवलेल्या पिशवीत लोखंडी गोळा, आणि चालत्या इंजिनातून हात बाहेर काढून ड्रायव्हर तो कडं घ्यायचा. गोळा नाही तर पुढे जाणं नाही.

विमानात हातात धरायला गोळा नाही, आहे तो फक्त शब्द. 27 मार्च 1977. टेनेरीफ बेटावरचा विमानतळ, दाट धुकं, एकाच धावपट्टीवर दोन जंबो विमानं. डच विमानातून रेडिओवर सांगितलं गेलं, की आम्ही आता ‘ॲट टेक-ऑफ’ आहोत. सांगणाऱ्याचा अर्थ, आम्ही सुटलो आहोत. नियंत्रकाने घेतलेला अर्थ, उड्डाणाच्या जागी तयार उभे आहेत. तो ‘ओके’ म्हणाला. ‘थांबा, मी सांगतो’ हे त्याचे पुढचे शब्द दुसऱ्या विमानाच्या त्याच क्षणीच्या बोलण्यात अडकले, आणि डच विमानात नीट पोचलेच नाहीत. 583 माणसं मेली.

आपल्याला हे परकं वाटायला नको. फोनवर ‘निघालोच!’ म्हणणारा माणूस कुठे असतो? घरात, चप्पल शोधत. आपल्या भाषेत ‘निघालो’ हे भूतकाळी रूप जवळच्या भविष्यासाठी सर्रास चालतं. घरात त्याने फार तर भाजी गार होते. टेनेरीफनंतर विमानवाल्यांनी ठरवलं, की ‘टेक-ऑफ’ हा शब्द फक्त प्रत्यक्ष परवानगी देताना किंवा ती रद्द करताना उच्चारायचा. इतर वेळी ‘डिपार्चर’ म्हणायचं. नुसतं ‘ओके’ही चालत नाही, महत्त्वाची सूचना शब्दशः परत म्हणून दाखवावी लागते. आपल्याकडे पाठांतराची टिंगल होते, मला ती नेहमीच उथळ वाटत आली आहे.

जहाजांकडे वळू. समुद्र आपल्यापासून दूर, पण शब्द जवळचे. शीड, डोलकाठी, सुकाणू, नांगर, तांडेल, सारंग. इथे तर शब्द उलट्या दिशेने गेले. ‘सारंग’ आणि ‘तांडेल’ इंग्रजांनी उचलले, कारण दोर ओढणारे खलाशी इथले होते. 1811 मध्ये रोबक नावाच्या अधिकाऱ्याने कलकत्त्यात इंग्रजी-हिंदुस्थानी नौकाकोश छापला. वादळात साहेबाचा हुकूम खलाशाला कळला नाही तर बुडणार दोघेही, म्हणून साहेबाने शब्द शिकायचे.

आणि एक संज्ञा अशी आहे, जी शब्दच नाही. जहाजाच्या अंगावर रंगवलेली रेघ. सॅम्युअल प्लिमसॉल या ब्रिटिश खासदाराने चिकाटीने लढा दिला आणि 1876 मध्ये तिथल्या कायद्याने ती बंधनकारक झाली. पाणी त्या रेघेपर्यंत आलं की माल भरणं बंद. गोड्या पाण्यासाठी वेगळी खूण असते, कारण गोडं पाणी हलकं, त्यात तेच जहाज थोडं जास्त खाली बसतं.

हे गोड्या पाण्याचं मुद्दाम सांगितलं. सरदार सरोवराचं पाणी अक्राणी-अक्कलकुव्यात शिरल्यापासून तिथल्या कित्येक गावांचा रस्ता म्हणजे होडी. जानेवारी 2019 मध्ये, संक्रांतीच्या दिवशी, धडगाव तालुक्यातल्या भुशाजवळ नर्मदेत होडी उलटली. तीत साठाच्या आसपास माणसं होती, असं तेव्हाच्या बातम्यांत होतं. काही जण परत आले नाहीत, त्यांत मुलंही होती. ‘क्षमता’ हा आपला चांगला मराठी शब्द आहे, परिपत्रकात शोभतो. पण काळ्या-पिवळ्या जीपमध्ये आयुष्य काढलेल्या आपल्या जिल्ह्यात ‘गाडी भरली’ याचा अर्थ ‘अजून दोघं बसतील’ असा होतो, आणि तोच अर्थ माणसं घाटावरही घेऊन जातात. पावरी बोलणाऱ्या म्हातारीला ‘क्षमता’ समजावत बसण्यापेक्षा होडीच्या दोन्ही अंगांना तळहाताएवढा रुंद पांढरा पट्टा ओढावा. तो पाण्याखाली गेला की नावाड्याने दोर सोडायचा नाही. पट्टा कुठे ओढायचा हे होडी बांधणाऱ्याने आणि तपासणाऱ्याने मोजून ठरवावं, ते माझं काम नाही. रंगाचा डबा मात्र मी आणून देईन.

कुणी प्रश्न विचारणार असेल तर विचारा. मागच्या रांगेतून हात वर झालेला दिसतोय.