एक खुर्ची, तीन सूच्या

कावेरीकाठचे तिरुवैयारु हे तंजावरच्या उत्तरेस बारा-तेरा किलोमीटरवरचे तालुक्याचे गाव. संत त्यागराजांची समाधी येथे असल्याने दरवर्षी पौष वद्य पंचमीच्या आराधनेला देशभरातील गायक-वादक या गावी जमतात. मराठी माणसाला हा मुलूख परका नाही. व्यंकोजीराजांपासून १८५५ पर्यंत, म्हणजे जवळजवळ पावणेदोनशे वर्षे, येथे भोसल्यांचे राज्य होते आणि त्या राज्याचे मोडी दफ्तर आजही तंजावरात आहे. परंतु आराधनेचे पाच-सहा दिवस सरले की तिरुवैयारु पुन्हा चारचौघांसारखे गाव होते. भातशेती, बाजार, शाळा आणि कुणाची दाढ दुखू लागली तर गाठायचा एखादा खासगी दवाखाना.

अशा गावी पदवीधर दंतवैद्याने एका खुर्चीचा दवाखाना थाटला, तर त्याची तपासणी कोणी करावी? प्रश्न क्षुल्लक वाटतो. परंतु त्याचे उत्तर शोधू गेल्यास भारतीय राज्यघटनेच्या सातव्या अनुसूचीतील तिन्ही सूच्या त्या एका खुर्चीभोवती उभ्या राहतात. ‘सार्वजनिक आरोग्य, रुग्णालये व दवाखाने’ हा विषय राज्यसूचीत, ‘वैद्यक व्यवसाय’ समवर्ती सूचीत आणि अणुऊर्जा केंद्रसूचीत. दाताचा एक्स-रे काढणारे लहानसे यंत्र दंतवैद्याला थेट या तिसऱ्या सूचीच्या दारात नेऊन उभे करते. इतकी सरकारे एका खुर्चीवर लक्ष ठेवून असताना रुग्ण निर्धास्त असावयास हवा. तो तसा आहे का, हा खरा प्रश्न आहे.

दाराशी किती सरकारे?

सर्वांत जुना पहारा व्यवसायाचा. १९४८ च्या दंतवैद्यक कायद्याने नोंदणीची व्यवस्था घातली आणि पुढील वर्षी भारतीय दंत परिषद अस्तित्वात आली. हा कायदा मोडीत काढून राष्ट्रीय दंत आयोग स्थापण्याचा कायदा संसदेने २०२३ मध्ये संमत केला. मात्र परिषदेची तपासणी मुख्यतः महाविद्यालयांची असे. राज्य परिषदेकडे दंतवैद्याचे नाव नोंदले जाई, गैरवर्तन सिद्ध झाल्यास ते काढलेही जाई. पण त्याच्या दवाखान्यातील पाण्याची बाटली कशी उघडली जाते, हे पाहण्यास कोणी फिरकत नसे.

दुसरा पहारा जागेचा. तमिळनाडूने खासगी वैद्यकीय आस्थापनांच्या नियमनाचा कायदा १९९७ मध्येच केला. केंद्राला असा कायदा करावयास २०१० साल उजाडावे लागले, हे पाहता तमिळनाडूची दूरदृष्टी वाखाणण्याजोगी म्हणावी लागेल. परंतु कायद्याला हातपाय देणारे नियम आले ते २०१८ मध्ये. एकवीस वर्षे कायदा पुस्तकात आणि दवाखाने रस्त्यावर, अशी स्थिती राहिली. नियम आल्यानंतर जिल्ह्याच्या आरोग्य सहसंचालकांकडे अर्ज, तपासणी, प्रमाणपत्र असा क्रम सुरू झाला आणि दंतवैद्यांचे दवाखानेही त्या कक्षेत आले.

तिसरा पहारा कचऱ्याचा. जैववैद्यकीय कचऱ्याचे पहिले नियम १९९८ चे. महिन्याला हजारांहून कमी रुग्ण तपासणाऱ्या दवाखान्यांना त्यात प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या परवानगीपासून सूट होती. २०१६ च्या नियमांनी ही सूट संपवली. काढलेला दात, रक्ताने भिजलेला कापूस, सुई, हातमोजे हे सारे पिवळ्या, लाल, पांढऱ्या, निळ्या अशा ठरावीक रंगांच्या पिशव्या-डब्यांत वेगळे करावयाचे, ते सामाईक प्रक्रिया केंद्राच्या स्वाधीन करावयाचे आणि वर्षाचा अहवाल ३० जूनपूर्वी मंडळाला धाडावयाचा, असा दंडक झाला.

चौथा पहारा किरणांचा. १९६२ च्या अणुऊर्जा कायद्याखाली २००४ मध्ये झालेल्या प्रारण संरक्षण नियमांनी रोगनिदानाचे प्रत्येक एक्स-रे यंत्र अणुऊर्जा नियामक मंडळाच्या नजरेखाली आणले. मंडळाचे मुख्यालय मुंबईत अणुशक्तिनगरला. तेव्हा तिरुवैयारुच्या दंतवैद्याला आपल्या यंत्रासाठी मुंबईकडे पाहावे लागते, मग तो अर्ज ‘ई-लोरा’ या संगणकीय प्रणालीतून का जाईना.

या चार पहारेकऱ्यांपैकी एकालाही दुसऱ्याच्या वहीत डोकावण्याचे बंधन नाही. प्रत्येकाचा अर्ज निराळा, मुदत निराळी, शुल्क निराळे. मोठ्या रुग्णालयात या कामासाठी स्वतंत्र कारकून असतो. एका खुर्चीच्या दवाखान्यात दंतवैद्य हाच मालक, तोच कारकून. त्याची तक्रार कागदाविषयी असते आणि ती सर्वस्वी खोटी नसते.

आकड्यांचे वास्तव

पहारे अनेक असले तरी पहारेकरी किती, हा पुढचा प्रश्न. भारताच्या नियंत्रक व महालेखापरीक्षकांनी २०१२ मध्ये अणुऊर्जा नियामक मंडळाच्या कामाची झाडाझडती घेतली. देशात चालू असलेल्या ५७,४४३ वैद्यकीय एक्स-रे यंत्रांपैकी केवळ ५,२७० नोंदलेली आढळली. शंभरातील एक्याण्णव यंत्रे नियमनाबाहेर होती. प्रत्येक राज्यात प्रारण सुरक्षा संचालनालय असावे, असे २००१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितले होते. दशक उलटून गेल्यावरही ते बोटांवर मोजण्याइतक्याच राज्यांत झाले होते. त्या अहवालानंतर संगणकीय नोंदणीने पुष्कळ सुधारणा झाली, हे मान्य केले पाहिजे. परंतु यंत्र नोंदणे आणि यंत्र तपासणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. नोंदणी दंतवैद्य स्वतः करू शकतो, तपासणीला माणूस लागतो.

आणि तो माणूस आला, तरी सारे साधते असे नाही. तंजावर जिल्ह्याला याची वेदना ठाऊक आहे. १६ जुलै २००४ रोजी याच जिल्ह्यातील कुंभकोणमच्या शाळेत स्वयंपाकघरातून पेटलेल्या आगीने गवताचे छप्पर वेढले आणि ९४ मुले होरपळून गेली. शाळा भरवस्तीत होती, वर्षानुवर्षे चालू होती, छप्पर कोणाच्या नजरेआड नव्हते. कायदा नव्हता म्हणून ही मुले गेली नाहीत. उघड दिसणारा धोका कोणाच्याही कागदावर धोका म्हणून उमटला नाही, म्हणून गेली. महाराष्ट्राने हेच दुःख ९ जानेवारी २०२१ रोजी भंडाऱ्याच्या जिल्हा रुग्णालयात पाहिले. तेथे नवजात अर्भकांच्या कक्षातील आगीत दहा बाळे दगावली, आणि ते तर सरकारचेच रुग्णालय होते.

वाणियंबाडीचा धडा

दंतवैद्यकाच्या बाबतीत असा प्रसंग तमिळनाडूवर ओढवला तो उत्तरेकडील वाणियंबाडी येथे. २०२२-२३ मध्ये त्या परिसरात मेंदूला ग्रासणाऱ्या मेलिओइडोसिस या दुर्मिळ संसर्गाचे रुग्ण एकापाठोपाठ एक आढळू लागले. हा जिवाणू ओल्या मातीत आणि साचलेल्या पाण्यात राहतो. तो एरवी जखमेतून, श्वासातून वा पाण्यावाटे शरीरात शिरतो. वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजच्या डॉक्टरांनी आणि सरकारी साथरोगतज्ज्ञांनी माग काढला तेव्हा एकवीस रुग्णांपैकी दहा जणांचा संबंध एकाच दंत-दवाखान्याशी जुळला. त्या दहांपैकी आठ जण मरण पावले होते. हे संशोधन २०२५ मध्ये वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाले, तेव्हा कोठे सर्वसाधारण वाचकाला ही घटना कळली.

शोधाअंती जे हाती लागले ते अंगावर काटा आणणारे होते, आणि तितकेच साधे. दात-हिरडी धुण्यासाठी वापरावयाच्या सलाइनची बाटली शस्त्रक्रियेच्याच एका अवजाराने उघडली जात होती, सैल झाकून ठेवली जात होती आणि पुन्हा वापरली जात होती. एवढ्या वाटेने जिवाणू बाटलीत शिरला आणि बाटलीतून रुग्णांच्या तोंडात.

आता वर सांगितलेले चार पहारे या एका बाटलीसमोर उभे करून पाहावेत. पदवीचे प्रमाणपत्र भिंतीवर असले, एक्स-रे यंत्राची परवानगी कपाटात असली, कचऱ्याच्या पिशव्या रंगांप्रमाणे बांधल्या असल्या आणि आस्थापनेच्या प्रमाणपत्राची मुदत शिल्लक असली, तरी त्यांपैकी एकाही कागदावर ती बाटली दिसली नसती. कागद हे दवाखान्याजवळ काय आहे ते सांगतात. दवाखान्यात काय घडते, ते सांगत नाहीत. आठ मृत्यू या दोहोंमधल्या फटीतून झाले.

ही गोष्ट केवळ आपल्याकडची नव्हे. अमेरिकेत ओक्लाहोमा राज्यातील तुल्सा येथे २०१३ मध्ये एका दंतवैद्याच्या दवाखान्यातील गलथानपणा उघडकीस आल्यावर सुमारे सात हजार रुग्णांना रक्त तपासून घेण्याचे आवाहन करावे लागले, आणि एका रुग्णाकडून दुसऱ्याला हिपॅटायटिस-सी झाल्याचे सिद्ध झाले. इंग्लंडने एप्रिल २०११ पासून दंत-दवाखाने एका स्वतंत्र आयोगाच्या कक्षेत आणले. तेथे सारे दवाखाने दरवर्षी तपासले जात नाहीत, काही निवडक तपासले जातात. पण तपासणीचा अहवाल कोणाही नागरिकाला वाचता येतो. तपासणीचे बळ तिच्या संख्येहून तिच्या प्रकटपणात अधिक असते, हे त्यातून दिसते.

मुंबई-दिल्लीची कथा

तमिळनाडूकडे बोट दाखवण्यापूर्वी आपल्या घरात डोकावणे बरे. महाराष्ट्राने केंद्राचा २०१० चा कायदा न स्वीकारता १९४९ च्या शुश्रूषागृह कायद्यावर भिस्त ठेवली. २०२१ मध्ये त्याचे नियम सुधारून रुग्णहक्कांची सनद आणि दरपत्रक लावण्याचे बंधन आले, ही चांगली गोष्ट झाली. परंतु त्या कायद्याचा आत्मा खाटेत आहे. जेथे रुग्ण दाखल होत नाही असा दंतवैद्याचा दवाखाना सामान्यतः त्याच्या कक्षेबाहेरच राहतो. राजधानी दिल्लीनेही दशकानुदशके १९५३ च्या अशाच कायद्यावर निभावले. कचऱ्याचा आणि किरणांचा पहारा सर्वत्र आहे, पण जागेचा पहारा पुणे-नाशिकात, पटपडगंज-द्वारकेत जितका विरळ, तितका तो तिरुवैयारुत नाही, हे नमूद करणे प्राप्त आहे.

केंद्राच्या कायद्याची कहाणीही बोलकी आहे. आरोग्य हा राज्यांचा विषय असल्याने संसदेला घटनेच्या २५२ व्या अनुच्छेदाचा आधार घ्यावा लागला. अरुणाचल, हिमाचल, मिझोराम आणि सिक्कीम या चार राज्यांच्या ठरावांवर हा कायदा उभा राहिला. पुढे काही मोठी राज्ये आली, काहींनी आपापले कायदे केले, काही कुंपणावर बसली. वैद्यकांच्या संघटनांचा विरोध हे त्याचे एक कारण. ‘निरीक्षकराज’ हा शब्द या विरोधाचे ब्रीदवाक्य ठरला आहे.

निरीक्षकराज की निरीक्षण?

त्या शब्दामागे अनुभव आहे, हे नाकारता येत नाही. तपासणी म्हणजे पाकीट, हे समीकरण या देशाने पुरेसे पाहिले आहे. एप्रिल २०१० मध्ये भारतीय वैद्यक परिषदेच्या अध्यक्षांना सीबीआयने अटक केली आणि महिनाभरात केंद्राने परिषदच बरखास्त केली. महाविद्यालयांच्या तपासणीवरील विश्वास त्या दिवसांत तळाला गेला होता. एका खुर्चीच्या दंतवैद्याला तर तपासनिसाची नाराजी परवडतच नाही. मोठे रुग्णालय न्यायालयात जाते, लहान दवाखाना तडजोड करतो.

केंद्राने यावर शोधलेला उपाय शिक्षा सौम्य करण्याचा आहे. २०२३ च्या जनविश्वास कायद्याने पर्यावरण संरक्षण कायद्यातील पाच वर्षांपर्यंतच्या कैदेऐवजी दहा हजारांपासून पंधरा लाखांपर्यंतचा दंड आणला. कचऱ्याचे नियम याच कायद्याखालचे असल्याने दंतवैद्याच्या मानेवरील तुरुंगाची तलवार दूर झाली. हे योग्यच झाले. कैदेची धमकी जितकी मोठी, तितकी तडजोडीची किंमत मोठी, असा आजवरचा अनुभव आहे. परंतु शिक्षा सौम्य केल्याने तपासणी आपोआप खरी होत नाही. वाणियंबाडीच्या बाटलीला कैद आणि दंड यांतील फरक ठाऊक नव्हता.

उपाय फार अवघड आहेत, असेही नाही. चार खात्यांच्या चार फेऱ्यांऐवजी जिल्हा पातळीवर एकच संयुक्त फेरी झाली, तर दवाखान्याचा वेळ वाचेल आणि एका अधिकाऱ्यावर दुसऱ्याची नजरही राहील. त्या फेरीत दंत शस्त्रक्रिया जाणणारा एक तरी माणूस हवा. त्याने प्रमाणपत्रांआधी निर्जंतुकीकरणाचे यंत्र पाहावे. १२१ अंश तापमान आणि ठरावीक दाब पुरेसा वेळ टिकला की नाही, याची रोजची वही आहे का, जिवाणूंच्या बीजाणूंची चाचणी लावून यंत्राचा भरवसा अधूनमधून पारखला जातो का, सलाइनची बाटली कोण, कशाने उघडतो आणि उरलेले कोठे जाते, हे मदतनिसाला विचारावे. या प्रश्नांना कागद लागत नाही, वीस मिनिटे आणि उघडे डोळे लागतात. आणि जे दिसले ते दवाखान्याच्या दारावर, रुग्णाला वाचता येईल अशा भाषेत लावावे. मग पाकिटाची किंमत आपोआप उतरेल, कारण लपवण्यासारखे अधिकाऱ्याच्या हाती काही उरणार नाही.

सरफोजींचे दफ्तर

तिरुवैयारुपासून अर्ध्या तासाच्या वाटेवर तंजावरचे सरस्वती महाल ग्रंथालय आहे. दुसऱ्या सरफोजीराजांनी १७९८ ते १८३२ या आपल्या कारकिर्दीत धन्वंतरी महाल नावाची वैद्यकशाळा चालवली. सिद्ध, आयुर्वेद, युनानी आणि पाश्चात्त्य अशा चारही पद्धतींची औषधे तेथे पारखली जात. नेत्ररुग्णांवरील उपचारांची टिपणे, डोळ्यांच्या चित्रांसह, या ग्रंथालयात जपलेली आहेत. रुग्ण कोणता, व्याधी कोणती, काय केले आणि पुढे काय झाले, अशा त्या नोंदी आहेत. त्या लिहा असे फर्मावणारा कोणताही नियामक तेव्हा नव्हता.

दोन शतकांनंतर त्याच मुलखात चार नियामक आहेत आणि नोंदीही विपुल आहेत. फरक इतकाच की त्या काळच्या नोंदींत रुग्ण होता. आजच्या बहुतेक नोंदींत यंत्र आहे, पिशवी आहे, जागा आहे, पदवी आहे. रुग्णाचा रकाना तेवढा रिकामा आहे. केंद्र, राज्य आणि समवर्ती या तीन सूच्यांपैकी तो कोणी भरावयाचा, याचा निकाल दिल्लीत, चेन्नईत आणि मुंबईत लागावयाचा आहे. तो लागेपर्यंत तिरुवैयारुच्या खुर्चीत डोके टेकवून तोंड उघडणाऱ्या माणसाला समोरच्या दंतवैद्याच्या सचोटीवाचून दुसरा आधार नाही.