सांबर वस्तीजवळ दिसलं तर?

परवा आमच्या पेणकरपाड्यातल्या सोसायटीच्या ग्रुपवर प्रश्न आला: "जंगलातली हरणं हायवेच्या जवळ आली, तर वनखातं त्यांना पकडून लांब का सोडत नाही?"

प्रश्न रास्त आहे. वन्यजीवांची आवड असल्यामुळे मला ठाऊक आहे ते सांगतो.

हायवेपलीकडे संजय गांधी राष्ट्रीय उद्यान आहे, क्षेत्रफळ सुमारे 104 चौ. किमी. तिथे चितळ आणि सांबर दोन्ही आहेत. सांबर हे भारतातलं सर्वांत मोठं हरीण. पूर्ण वाढलेला नर 200 किलोंच्याही पुढे जातो.

पण हरणाचं काळीज नाजूक. पाठलाग झाला किंवा पकडलं, तर अतिताणाने स्नायू निकामी होतात आणि जखम नसतानाही ते दगावू शकतं. म्हणून पकडणं हा शेवटचा उपाय.

मग हरणांची संख्या आटोक्यात कोण ठेवतं? बिबट्या. हरीण हे त्याचं नैसर्गिक भक्ष्य. पण उघड्या कचऱ्यावर भटकी कुत्री वाढली की बिबट्या त्यांच्या मागे वस्तीपर्यंत येतो. हीच कुत्री हरणांचाही पाठलाग करतात.

म्हणून आपण एवढं करूया:

🔸 कचरा उघड्यावर टाकू नका.
🔸 हरणांना पाव, बिस्किटं देऊ नका.
🔸 हरीण दिसलं तर गर्दी करू नका, कुत्री दूर ठेवा.
🔸 वनविभागाच्या 1926 या हेल्पलाइनवर कळवा.

काही शंका असतील तर कमेंटमध्ये जरूर विचारा.